चाकांचा स्क्रीन स्टँड हलवायचा कसा आणि बांधून ठेवायचा कसा : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत आता शाळेत, क्लासमध्ये, मंगल कार्यालयात, ग्रामपंचायतीत चाकांच्या स्टँडवरचे मोठे स्क्रीन आलेत. ते बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करताना आम्हाला फोन येतात ते "चालू होत नाहीये", "टच लागत नाहीये" असे. हलवायचा कसा हे सहसा कोणी विचारत नाही, कारण खाली चाकं दिसतात आणि वाटतं ढकलला की झालं. पण स्क्रीन बिघडला तर पैशाचं नुकसान, स्टँड पडला तर माणसाचं, आणि शाळेत तर लेकराचं. म्हणून जे प्रश्न साइटवर गेल्यावर सर, मॅडम, हॉलवाले भाऊ विचारतात ते सगळे इथं एकत्र लिहिलेत.

एवढा जड स्टँड आहे, तो पडेलच कसा?

जड आहे पण ते वजन वर आहे ना, म्हणून पडतो. एक हिशोब करू. ७५ इंची टच पॅनल साधारण ५० ते ६० किलोचं असतं, आपण ५० धरू, आणि स्टँड ३० किलोचा. पॅनलचा मध्य जमिनीपासून १४० सेंमीवर आणि स्टँडचं स्वतःचं वजन खाली ४० सेंमीच्या आसपास, म्हणजे दोन्ही मिळून ८० किलोचा तोल येतो साधारण १०२ सेंमी उंचीवर, मोठ्या माणसाच्या कमरेला. आता बेस बघा. पुढून मागे ७० सेंमी, खांब मधोमध, त्यात पॅनल खांबाच्या १० सेंमी पुढे आलेलं, त्यामुळे पुढच्या बाजूला तोल सांभाळायला उरतात फक्त २८-२९ सेंमी. असा स्टँड ब्रेक लावून उभा असताना कोणी मागून पॅनलच्या वरच्या कडेला १२-१३ किलोच्या जोराने रेटलं तरी तो पुढे यायला लागतो, आणि एवढा जोर सातवीतला पोरगा सहज लावतो.

हे झालं उभ्या स्टँडचं. चालता स्टँड अजून वाईट, कारण पुढचं चाक फरशीच्या सांध्यात अडकलं की खालचं जागेवर थांबतं आणि वरचे ५० किलो पुढेच चाललेले असतात. कडब्याने भरलेली बैलगाडी चाकोरीत एक चाक गेल्यावर कशी कलंडते ते ज्यांनी बघितलंय त्यांना यापेक्षा जास्त समजवायची गरज नाही. म्हणून स्टँड हलवायच्या आधी स्टँडकडे नका बघू, ज्या रस्त्याने न्यायचाय तो रस्ता आधी पायी चालून बघा. सांधे, खड्डे, उंबरठा, वायर, सतरंजी, पायपुसणं, खडूचा तुकडासुद्धा.

चारही चाकांचे ब्रेक लावले की मग तर काही भीती नाही ना?

ब्रेक स्टँडला घरंगळू देत नाही, एवढंच त्याचं काम. उलटण्यापासून तो वाचवत नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त दिसतो. ब्रेक नसताना वरून धक्का लागला तर स्टँड निदान थोडा सरकतो तरी, ब्रेक असताना तोच धक्का पूर्ण उलटवायला लागतो. म्हणून उभ्या स्टँडला ब्रेक पाहिजेच, पण ब्रेकच्या जोडीला भिंतीला पट्टा पण पाहिजे. दोन्ही.

ब्रेकचेही दोन प्रकार असतात हे बघून घ्या. एकात फक्त चाकाचं फिरणं थांबतं पण चाक आपल्या खिळीवर गोल वळतच राहतं, दुसऱ्यात दोन्ही थांबतं, त्याला टोटल लॉक म्हणतात. विकत घेताना टोटल लॉकवाला मागा. आणि ब्रेक पायाने दाबल्यावर तो लागलाय असं गृहीत धरू नका, खांबाला कमरेच्या उंचीवर धरून हळूच हलवून बघा, चारही चाकं एकेक करून. दोन लावले दोन राहिले असं फार वेळा होतं, घाईत तर नक्कीच.

हलवायला किती माणसं लागतात?

दोन, मोठी, आणि दोघांचं लक्ष त्याच कामात. ८६ इंची असेल तर तीन. एकाने केलं तर त्याला ढकलायचं पण आणि पुढची फरशी पण बघायची, आणि मध्ये आडवा दीड-दोन मीटरचा पडदा, त्यातून काय दिसणार.

एक जण मागच्या टोकाला राहून खांबाला धरून ढकलतो, हात कमरेच्या उंचीवर किंवा त्याच्या थोडे खाली, पॅनलच्या कडेला किंवा काचेला हात लावायचा नाही. दुसरा पुढच्या टोकाला पण जरा बाजूने चालतो, अगदी समोर उलट्या पावली चालायचं नाही, आणि त्याचे डोळे फक्त चाकांवर आणि फरशीवर. "थांब" कोण म्हणणार हे आधीच ठरवा, आणि तो म्हणाला की ढकलणाऱ्याने कारण न विचारता थांबायचं. वेग म्हातारा माणूस चालतो तेवढा. मोबाइल खिशात.

आणि हे मनापासून सांगतो : स्टँड कलायला लागला तर तो धरायला जाऊ नका. सोडा आणि बाजूला व्हा. आपला पहिला विचार असतो की एवढी महागाची वस्तू वाचवू, पण ८० किलो वजन एकदा उंचीवरून यायला लागलं की दोन हातांनी थांबत नाही, ते तुम्हाला घेऊन खाली येतं.

सरळ समोर ढकलायचा की आडवा न्यायचा?

स्क्रीनची कड पुढे ठेवून न्यायचा, म्हणजे स्क्रीनचं तोंड भिंतीकडे आणि आपण भिंतीला समांतर चाललोय असा. बहुतेक स्टँडचा बेस डावी-उजवीकडे लांब असतो, ९० सेंमी ते एक मीटरच्या पुढे, आणि पुढे-मागे आखूड. लांब बाजूने नेला की अडथळा आला तरी उलटायला जास्त जोर लागतो. तसंही ७५ इंची पॅनल १६६ सेंमी रुंद असतं आणि वर्गाचा दरवाजा तीन सव्वातीन फुटांचा, तोंड पुढे करून तो बाहेर पडणारच नाही.

उंची कमी केल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो. वरच्याच हिशोबात पॅनल ३० सेंमी खाली घेतलं तर तोल १०२ वरून ८४ सेंमीवर येतो आणि स्टँड पडण्याआधी जास्त कलू शकतो, साधारण १६ अंशाच्या जागी १९ अंश. ऐकायला तीन अंश कमी वाटतात पण उंबरठ्यावर हेच तीन अंश कामाला येतात. शिवाय दरवाजा सात फुटी, स्क्रीन वर असेल तर कॅमेरा नाहीतर वरची कड चौकटीला लागते.

हँडलने किंवा मोटरने खालीवर होणारा असेल तर एकदम खाली घ्या आणि मगच ब्रेक सोडा. पिनवाला असेल तर पिन काढायच्या आधी दोघांनी पॅनल दोन्ही बाजूंनी पेलून धरायचं, नाहीतर ते सुटून एकदम खाली येतं आणि बोटं सापडतात. उंची बदलता येत नसेल तर पहिल्यांदा बसवतानाच खालच्या भोकांवर बसवून घ्या, लहान वर्गाच्या मुलांना तसंही खालीच सोयीचं पडतं.

आमच्याकडे प्रत्येक वर्गाला उंबरठा आहे, आणि वर्गातून थेट वऱ्हांड्यात पायरी. काय करायचं?

आपल्या भागातल्या जुन्या शाळांचा हा कायमचा प्रश्न आहे. शहाबादी फरशीचे सांधे उघडलेले, दाराला दोन इंचाचा उंबरठा, वऱ्हांडा पावसाचं पाणी निघून जावं म्हणून बाहेरच्या बाजूला उताराचा, आणि वऱ्हांड्याच्या कडेला सरळ अंगण, मध्ये कठडा नाही.

उंबरठ्यावरून स्टँड उचलून नेऊ नका. "हां भाऊ, धर तू तिकडून" म्हणत दोन जण बेस उचलतात, तेव्हा दोन चाकं हवेत आणि दोन फरशीवर, आणि वरचं सगळं वजन एका बाजूला झुकलेलं. त्याऐवजी फळी करून घ्या. जाड प्लायवूडची, बेसपेक्षा रुंद, दोन्ही बाजूंना उतार असलेली. उतार किती ठेवायचा याला व्हीलचेअरच्या रॅम्पचं माप धरा, १ ला १२. म्हणजे ५ सेंमीच्या उंबरठ्याला एका बाजूला ६० सेंमी लांब फळी. सुताराला सांगा की ती सरकायला नको, खाली रबर लावून दे. हे एकदाच करायचं काम आहे आणि वर्षानुवर्षं चालतं. फळीवरून जाताना स्टँड सरळ न्यायचा, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकदम चढली पाहिजेत. तिरका नेला की एक चाक आधी चढतं, बेस पिळतो आणि स्क्रीन एका कोपऱ्याकडे झुकतो.

वऱ्हांड्यात न्यायलाच लागला तर भिंतीच्या बाजूने, आणि ढकलणाऱ्याशिवाय एक माणूस उताराच्या बाजूच्या वाटेवर कोणाला उभं राहू न देण्यासाठी. वऱ्हांड्यात स्टँड ठेवून "दोन मिनिटात येतो" असं करायचं नाही. उतारावर ब्रेक ढिला असेल तर तो हळूहळू सरकतो, आणि रबरी चाकाखाली धूळ असेल तर ब्रेक लागूनही सरकतो.

पायऱ्यांचं उत्तर एकच. स्क्रीन काढा, वेगळा न्या, स्टँड वेगळा न्या. एक पायरी असली तरी. दोन वर्गांमध्ये पायऱ्या असतील आणि रोज फिरवायचा असेल तर मी तर म्हणेन फिरवू नका, स्क्रीन एका वर्गात ठेवा आणि वर्ग त्याच्याकडे येऊ द्या. मुलांना चालायला काय लागतं.

शाळेत आम्ही दोनच शिक्षक, एक रजेवर गेला तर मुलांची मदत घेतली तर चालेल का? सातवी-आठवीची मुलं अंगाने मोठी असतात.

नाही. हे एकच उत्तर आहे आणि त्यात काही सूट नाही. मुलं उत्साही असतात, "सर मी ढकलतो" म्हणून दहा जण धावतात, कोणी मागून ढकलतं, कोणी पुढून ओढतं, एखादा छोटा बेसवर पाय ठेवून बसतो. आणि पडला तर मूल त्याच्या पुढेच असतं. अमेरिकेत जुन्या काळी शाळांमध्ये उंच ट्रॉलीवर टीव्ही असायचे, त्या ट्रॉल्या उलटून मुलं दगावली, तेव्हा तिथल्या सरकारच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला त्यावर खास इशारा काढावा लागला होता. तेव्हाचे टीव्ही खोके होते, आताचे पॅनल सपाट आहेत, पण वर वजन आणि खाली लहान बेस ही गोष्ट तीच आहे.

धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरच्या पाड्यांवर एकशिक्षकी, दोनशिक्षकी शाळा आहेत हे माहीत आहे. तिथं खिचडीवाल्या मावशींना नाहीतर ग्रामपंचायतीच्या शिपाईभाऊंना दोन मिनिटं बोलवा, एखादे पालक शेतात जाताना थांबतात. कोणी नसेल तर त्या दिवशी स्क्रीन जिथं आहे तिथंच राहू द्या. आणि मुलांना रागावून नका सांगू, समजावून सांगा की हा पडला तर काय होतं. मुलांना कळतं आणि मग तीच दुसऱ्याला अडवतात.

भिंतीला बांधायचं कसं? कशाने?

इथं जरा सविस्तर सांगतो कारण हीच गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते.

दोन पट्टे, एक डावीकडे एक उजवीकडे. एकच पट्टा मध्ये लावला तर स्टँड त्याच्याभोवती फिरतो. पट्टा स्टँडला बांधायचा तो वरच्या भागात, खांबाला किंवा पॅनलच्या मागच्या लोखंडी ब्रॅकेटला. पॅनलच्या प्लास्टिकला नाही, हँडलला नाही, आणि खाली बेसला तर नाहीच, खाली बांधल्याने वरचं उलटणं थांबत नाही. पट्टा ट्रकवाले वापरतात तसला विणलेला, बकलवाला किंवा रॅचेटवाला. सुतळी, नाडा, ओढणी, जुनी वायर चालणार नाही. बांधल्यावर पट्टा ताठ पाहिजे, ढिला पट्टा म्हणजे स्टँडला पडायला सुरुवात करू दिली आणि मग झटका बसला, त्या झटक्याने हूक भिंतीतून उपटून येतो.

भिंतीत हूक बसवताना प्लास्टर मोजू नका, ते पाऊण इंचाचं असतं आणि त्यात काही धरत नाही. पक्क्या विटेची ९ इंची भिंत असेल तर विटेच्या मधोमध भोक पाडून चांगला अँकर (आवळला की भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) बसवायचा, विटांच्या सांध्यात नाही आणि भिंतीच्या कडेजवळ पण नाही. आरसीसीचा कॉलम जवळ असेल तर सगळ्यात उत्तम, तिथंच बसवा. पोकळ ब्लॉकची किंवा हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर साधा अँकर निघून येतो, त्याच्यासाठी वेगळा मिळतो, दुकानात भिंत कसली आहे ते सांगून मागा. बसवल्यावर अंगाचं वजन टाकून ओढून बघा.

जुन्या धाब्याच्या इमारतीत शाळा किंवा वाचनालय असेल तर मातीच्या भिंतीत अँकर बसवून काही उपयोग नाही, भिंत दोन फुटी जाड असली तरी माती ती माती. तिथं खिडकीचे गज बघा, चौकटीत पक्के बसलेले असतील आणि चौकट हलत नसेल तर त्यांना पट्टा बांधा. लाकडी खांब असेल तर त्याला बांधा, हा तर विटेपेक्षा भरवशाचा. पंख्याचा हूक, विजेचा पाइप, बाक, कपाट, यातल्या कशालाही बांधायचं नाही. लोखंडी कपाट तर स्टँडबरोबर स्वतःही येतं.

रोज सोडायचा-बांधायचा पट्टा असेल तर बकल असं घ्या की पाच सेकंदात लागेल. अवघड असलं की चार दिवस लागतं आणि पाचव्या दिवशी लटकत राहतं.

वाळूची गोणी ठेवली तर?

ठेवा, चांगलंच आहे. बेसच्या मधोमध २५ किलोची गोणी ठेवली तर आधीच्या हिशोबातला १२-१३ किलोचा जोर १७ किलोपर्यंत जातो. पण हा पट्ट्याला पर्याय नाही, पट्ट्याच्या जोडीला आहे. गोणी बेसच्या पायांवर पक्की बसली पाहिजे आणि हलवताना काढून ठेवायची.

मागचे नट-बोल्ट कधी तपासायचे?

महिन्यातून एकदा, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या खोलीत नेल्यावर. स्क्रीनच्या मागे चार बोल्टवर दोन उभ्या पट्ट्या असतात, मोठ्या पॅनलला ते बोल्ट बहुतेक ८ एमएमचे असतात. त्या पट्ट्या वरच्या आडव्या पट्टीवर नुसत्या अडकवलेल्या असतात, आकड्यासारख्या. आणि खाली दोन छोटे स्क्रू असतात, ते आवळले की आकडा वर उचलला जाऊ शकत नाही. आता हे खालचे दोन स्क्रू बसवणारे बरेच जण लावतच नाहीत, कारण न लावताही स्क्रीन व्यवस्थित लटकलेला दिसतो! मग उंबरठ्यावर एक दणका बसला की पॅनल वर उडतं, आकडा सुटतो आणि स्टँड उभाच्या उभा राहून फक्त स्क्रीन खाली येतो. आज घरी जायच्या आधी मागे जाऊन टॉर्च मारून बघा, ते दोन स्क्रू आहेत का.

बोल्ट हरवला तर जवळपासच्या दुकानातून "बसतोय ना" म्हणून दुसरा टाकू नका. लांब असेल तर आत पॅनलला लागतो, आखूड असेल तर दोन आट्यांवर पेलतो. जुना बोल्ट सोबत नेऊन त्याच जाडीचा आणि लांबीचा घ्या.

चाक अडखळतंय, एका बाजूला ओढतंय.

चाकात धागे गुंडाळलेले असतील. आपल्याकडे कापसाचा सीझन आला की कापूस, धागे, सरकीचे तंतू सगळीकडे उडतात, जिनिंगच्या जवळच्या शाळांत तर जास्तच, आणि ते चाकाच्या अक्षाला गच्च बसतात. स्क्रीन काढून स्टँड आडवा करा आणि कात्रीने, चिमट्याने ते काढा. भरल्या स्टँडखाली वाकून काढायचे नाहीत. चाकाचं रबर भुगा होऊन पडायला लागलं असेल, एका बाजूने झिजलं असेल तर चारही चाकं बदला, एक बदललं की उंची वरखाली होते. आणि बदलताना मोठी चाकं घ्या, लहान चाक प्रत्येक सांध्यात अडकतं, ४ इंचीवालं बरंच सांभाळून घेतं. चाकांवर लिहिलेली वजनाची क्षमता अशी बघा की तीन चाकं मिळून एकूण वजन पेलतील, कारण खडबडीत फरशीवर वजन चारांऐवजी तीनच चाकांवर येतं.

वायरींचं काय?

आधी प्लग काढा, मग हलवा. वायर भिंतीतच ठेवून स्टँड थोडासा सरकवणारे फार आहेत, वायर ताणली जाते आणि शेवटी एकतर बोर्ड उपटतो नाहीतर स्टँड ओढला जातो. काढलेली वायर गुंडाळून स्टँडच्या मागच्या हुकावर, जमिनीवर घासत नाही. वापरताना वायर भिंतीच्या कडेने येऊ द्या, मुलांच्या चालायच्या वाटेतून नाही. तीन पिनचा प्लग आणि बोर्डला अर्थिंग हे पाहिजेच, स्टँड लोखंडी आहे. लाइट गेल्यावर अंधारात कोणी स्टँड हलवू नये, लाइट येईपर्यंत थांबायचं.

शेतकरी मेळावा मैदानात आहे, लग्नात मंडपात स्क्रीन लावायचाय. चाकांचा स्टँड चालेल का?

मंडपात सतरंजी आणि जाजम ही पहिली अडचण. चाकापुढे जाजमाची घडी गोळा होते आणि चाक तिथंच रुततं. स्टँड आधी जागेवर उभा करा, नंतर जाजम त्याच्याभोवती अंथरा. जेवणाच्या पंगतीच्या वाटेत आणि मुलं पळतात तिथं ठेवायचा नाही. मंडपवाल्या भाऊंना सांगून मागे एक पक्का खांब जमिनीत गाडून घ्या आणि त्याला बांधा, मंडपाच्या कापडाच्या बांबूला नाही, तो स्वतःच वाऱ्याने हलतो.

मैदानाचं सांगायचं तर काळ्या मातीत चाकं रुततात आणि एक बाजू बसते. खाली मोठं जाड प्लायवूड टाका, पाणसळ लावून बघा. पण खरी भीती वाऱ्याची. ७५ इंची पॅनल म्हणजे दीड चौरस मीटरचं शीड. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर १४ किलोच्या आसपास जोर येतो, ४५ ला १७-१८ किलो, आणि आपला हिशोबातला स्टँड मागून १६-१७ किलोलाच जातो (आधीचे १२-१३ किलो वरच्या कडेला रेटल्यावरचे, वाऱ्याचा जोर पॅनलच्या मध्यावर धरायचा). एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर खानदेशात वावटळ आणि अवकाळीचा वारा कधी सुटेल सांगता येत नाही, आणि लग्नं, मेळावे सगळे तेव्हाच. म्हणून उघड्यावर चाकांचा स्टँड मी लावत नाही आणि लावू नका असंच सांगतो. लावायचाच असेल तर तीन बाजूंनी आडोसा, दोन्ही बाजूंना जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना पट्टे, आणि वारा सुटला की स्क्रीन बंद करून लगेच आत.

एका गावाहून दुसऱ्या गावी छोटा हत्तीत नेता येतो का?

येतो, पण स्टँडवर बसवलेला नाही. स्क्रीन काढायचा, त्याच्या मूळ खोक्यात घालायचा आणि उभा ठेवायचा. गादीसारखा आडवा टाकून वर सामान ठेवलं की मोठी काच स्वतःच्या वजनानेच वाकते आणि खड्ड्यात गेली की तडकते. खोकं नसेल तर काचेवर स्वच्छ चादर, त्यावर पुठ्ठा, बाहेरून गोधड्या, आणि केबिनच्या मागच्या पत्र्याला टेकवून दोन पट्ट्यांनी बांधायचा, पट्टा काचेच्या मधोमध दाबणार नाही असा. ७५ इंची उचलायला तीन-चार जण घ्या. स्टँडचे ब्रेक लावून तो आडवा करून बांधायचा, गाडीत चाकावर उभा ठेवायचा नाही. मागे स्क्रीनजवळ माणूस बसवायचा नाही, ब्रेक लागला तर तोच मध्ये सापडतो.

आमच्या गावातला वेल्डर अर्ध्या किमतीत बनवून देतो. घ्यावा का?

वेल्डिंग आपल्या कारागिरांचं चांगलंच असतं, चूक होते ती मापात. जागा कमी लागावी म्हणून बेस आखूड करतात आणि दिसायला बरा म्हणून खांब पुढे घेतात. बनवून घेणार असाल तर बेस पुढे-मागे ७५ सेंमीपेक्षा कमी नको, खांब मधोमध किंवा थोडा मागे, बेसचा पाइप जाड भिंतीचा आणि वरचा हलका. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या आयईसी ६२३६८-१ या मानकात १० अंश कलवून बघायची चाचणी आहे, तसं करून बघा : स्क्रीनऐवजी तेवढ्याच वजनाच्या गोण्या त्याच उंचीला बांधायच्या, मागची चाकं इतकी उचलायची की स्टँड १० अंश पुढे झुकेल, ७५ सेंमीच्या बेसला म्हणजे साधारण १३ सेंमी, आणि समोर कोणी उभं नको. एवढ्यात पडायला लागला तर तो स्टँड वर्गात नको. तयार स्टँड घेतलात तरी त्यावरचं वजनाचं स्टिकर बघा, टीव्हीसाठीचा ४० किलोचा स्टँड टच पॅनलला पुरत नाही, त्याच इंचाचं टच पॅनल टीव्हीपेक्षा बरंच जड असतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठं ठेवायचा?

पक्क्या भिंतीच्या कोपऱ्यात, एकदम खाली उतरवून, ब्रेक लावून, दोन्ही पट्टे ताठ करून, प्लग काढून. खिडकीच्या उन्हात नको, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि बहुतेक पॅनल ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात. पत्र्याच्या खोलीत तर नकोच. गळणाऱ्या जागेखाली नको, शाळा उघडायच्या आत पहिला पाऊस येऊन जातो. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून वायर वर बांधून ठेवा. जूनमध्ये पहिल्या दिवशी मुलं यायच्या आधी ब्रेक, पट्टे, मागचे स्क्रू बघून मगच चालू करा.

आणि पडलाच तर?

आधी माणसं बघा. मुलांना बाहेर काढा, काचेजवळ अनवाणी कोणी जाऊ नये. बोर्डाच्या बटणावर भरवसा न ठेवता मेन स्विच किंवा एमसीबी खाली करा, मगच हात लावा. कोणी खाली सापडलं असेल तर एकट्याने ओढाओढ न करता चार जणांनी एकदम उचला आणि १०८ ला फोन करा, डोक्याला मार असेल आणि मूल बरं दिसत असलं तरी दवाखान्यात दाखवा. स्क्रीन नंतर. उचलल्यावर तो चालू करून बघायची घाई करू नका, आत तडा गेलेला असू शकतो. आणि स्टँडचा खांब किंवा बेसचा पाइप वाकला असेल तर ठोकून सरळ करून परत वापरायचा नाही, वाकलेल्या जागी तो कमजोर झालेला असतो आणि परत जाईल तो तिथूनच.